समुपदेशकाच्या दारात: पहिल्या दिवशी विचारायच्या प्रश्नांचा इतिहास



आजचा विषय व्यवहारातला आहे. खासगी समुपदेशनाला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला काय ठाऊक असावं, हा तो विषय. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं यावर का बोलावं, असं काहींना वाटेल. त्याचं कारण असं, की अलीकडे व्याख्यान संपलं की कुणीतरी मला बाजूला घेतं आणि हळू आवाजात विचारतं, 'सर, कुणी चांगला समुपदेशक माहीत आहे का?' विचारणारी कधी आई असते, कधी नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, कधी विशीतला मुलगा. नाव सुचवणं सोपं असतं. पण पुढच्या दोन वाक्यांत लक्षात येतं, की तिथं गेल्यावर काय होतं, आपण काय विचारू शकतो, याची त्यांना काहीच कल्पना नाही. घर भाड्यानं घेताना आपण पन्नास प्रश्न विचारतो. नळाला पाणी किती वाजता येतं, तेही विचारतो. आणि ज्याच्यापुढे मन उघडायचं, त्याला मात्र एकही प्रश्न न विचारता समोरच्या खुर्चीत जाऊन बसतो.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. त्यांतल्या प्रत्येक प्रश्नामागे कुणाचा तरी अनुभव आहे, आणि बहुतेक वेळा तो सोसलेला अनुभव आहे. म्हणून मी आज सल्ल्यांची यादी वाचणार नाही. इतिहास सांगतो. प्रश्न त्यातूनच बाहेर येतील.

आधी शब्द बघू

'समुपदेशन' हा शब्द मोडून बघा. सम्, उप, आणि दिश् हा धातू. दिश् म्हणजे दाखवणं. 'दिशा' हा आपला शब्द त्याच धातूतून आला. म्हणजे मुळात कुणीतरी जवळ बसून बोटानं दाखवणं, एवढाच अर्थ. पण व्यवहारात 'उपदेश' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? कीर्तनातले बुवा, नाहीतर 'जरा समजुतीनं घे' म्हणणारे मामा. तर हा शब्द डोक्यात ठेवून माणूस समुपदेशकाकडे जातो. फी भरतो, आपली कहाणी सांगतो आणि वाट बघत बसतो, की आता हे सांगतील काय करायचं ते. समोरचा मात्र विचारतो, 'तुम्हाला काय वाटतं?' पुष्कळ लोक दुसऱ्यांदा जात नाहीत, त्याचं एक कारण इथं आहे. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, की इथं सल्ला मिळेलच असं नाही.

जाणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हीही पंचाईतच. रुग्ण म्हणावं तर तो आजारी असेलच असं नाही. इंग्रजीत 'क्लायंट' म्हणतात, आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे. वकिलाच्या क्लायंटला आपण जुन्या मराठीत 'अशील' म्हणतो. ही तुलना लक्षात ठेवा. वकिलाचा अशील प्रश्न विचारतो, हिशेब मागतो, पटलं नाही तर वकील बदलतो. समुपदेशनातल्या माणसाला हा दर्जा मिळायला बराच काळ लागला.

धुराडं झाडणारी मुलगी

गोष्ट १८८० सालच्या डिसेंबरातली, व्हिएन्ना शहरातली. बर्था पापेनहाइम नावाची २१ वर्षांची मुलगी योझेफ ब्रॉयर या नामवंत डॉक्टरांच्या उपचाराखाली आली. आजारी वडिलांची सेवा करता करता तीच खचली होती. हातपाय लुळे पडायचे, दिसण्यात गोंधळ व्हायचा. एक काळ असा आला की तिला स्वतःची जर्मन भाषा बोलता येईना, ती फक्त इंग्रजीत बोलायची. ब्रॉयर तिच्याकडे येऊन बसत, ती बोले, आणि मनातलं बोलून झालं की तिला हलकं वाटे. या प्रकाराला तिनंच दोन नावं दिली. एक गंभीर, 'बोलण्याचा उपचार', आणि एक थट्टेतलं, 'धुराडं झाडणं'. म्हणजे बघा, या सगळ्या व्यवसायाचं बारसं कुणा डॉक्टरनं केलेलं नाही. उपचार घेणाऱ्या मुलीनं केलं आहे.

उपचार जून १८८२ मध्ये संपले. पुढे १८९५ साली ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी मिळून हिस्टेरियावर पुस्तक लिहिलं, त्यात ही मुलगी 'अॅना ओ.' या नावानं आली. पुस्तक वाचणाऱ्याला वाटावं, की बोलून बोलून ती बरी झाली. प्रत्यक्षात ब्रॉयरचे उपचार थांबल्यावर पुढच्याच महिन्यात तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगनच्या आरोग्यधामात ठेवावं लागलं, आणि नंतरची काही वर्षं तिचं अशा ठिकाणी जाणं-येणं चालू राहिलं. मग ती उभी राहिली, आणि अशी उभी राहिली की १९०४ साली तिनं जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली, स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध लढली, निराधार मुलींसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी आश्रम चालवला. त्या जुन्या उपचारांबद्दल बोलणं तिनं आयुष्यभर टाळलं.

यावरून बोलण्याचा उपयोग होत नाही, असं मी म्हणणार नाही. तिला त्या त्या संध्याकाळी हलकं वाटत होतं, हे खरंच होतं. पण हलकं वाटणं आणि बरं होणं यांत अंतर असतं. ते चालायला कधी औषध लागतं, कधी काळ लागतो, कधी करण्यासारखं काम लागतं. म्हणून पहिला प्रश्न: इथं नेमकं काय होणार आहे, आणि एवढ्यानं भागलं नाही तर तुम्ही मला कुणाकडे पाठवाल? चांगला समुपदेशक या प्रश्नानं बिचकत नाही. त्याच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची दोन-चार नावं तयार असतात.

वडिलांनी आणलेली मुलगी

आता वीस वर्षं पुढे या. शहर तेच. ऑक्टोबर १९००. एक सधन कारखानदार आपल्या मुलीला घेऊन फ्रॉइडकडे येतो. मुलीचं वय १८च्या आसपास. फ्रॉइडनं पुढे तिला 'डोरा' हे टोपणनाव दिलं. मुलीचा आवाज जातो, खोकला थांबत नाही, तिनं जीव देण्याची चिठ्ठी लिहून ठेवली होती. घरातली परिस्थिती अशी, की वडिलांचे एका मित्राच्या बायकोशी संबंध होते, आणि त्या मित्रानं या मुलीला, ती लहान असल्यापासून, नको त्या रीतीनं गाठण्याचा प्रयत्न केला होता. मुलीनं घरी सांगितलं. मित्रानं इन्कार केला. वडील म्हणाले, हे हिच्या कल्पनेतलं. आणि ते तिला फ्रॉइडकडे घेऊन आले, ते तिला ताळ्यावर आणा म्हणून.

फ्रॉइडचा विशेष असा, की मुलगी खोटं बोलत नाही, हे त्यानं मानलं. पण पुढे तो तिला समजावू लागला, की तुझ्या रागाच्या तळाशी त्या गृहस्थाबद्दलचं प्रेमच आहे. ३१ डिसेंबरला डोरानं सांगितलं, आज शेवटचं. आणि ती गेली. जेमतेम तीन महिने झाले होते. १९०५ साली फ्रॉइडनं ही हकिगत छापली, तेव्हा आपल्या हातून काय निसटलं, याचाही त्यानं त्यात विचार केला. नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी या प्रकरणावर भरपूर लिहिलं, आणि ते बरोबरच होतं.

मला यातून एकच गोष्ट उचलायची आहे. फी कोण देत होतं? वडील. हेतू कुणाचा होता? वडिलांचा. खुर्चीत कोण होतं? मुलगी. आजही आपल्याकडे आई-वडील मुलाला घेऊन येतात, ते 'याला समजवा' म्हणून. नवरा बायकोला आणतो, 'हिचं डोकं शांत करा' म्हणून. सून सासूला आणते. कंपनी नोकरदारासाठी समुपदेशनाची सोय करते, पैसे कंपनीचे असतात. अशा वेळी खुर्चीत बसलेल्यानं विचारलंच पाहिजे: तुम्ही काम कुणासाठी करता? माझ्यासाठी, की मला आणणाऱ्यासाठी? मी बोललेलं त्यांना सांगणार का, आणि किती? आणणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं. पैसे तुमचे असले, तरी मुलाच्या मनाची चावी तुमच्या हातात देण्याचा करार समुपदेशकानं केलेला नसतो.

पैसा आणि वेळ

१९१३ साली फ्रॉइडनं एक निबंध लिहिला. उपचार सुरू कसे करावेत, हाच त्याचा विषय. आजचा आपला विषय त्यानं समोरच्या खुर्चीतून बघितला आहे, म्हणा ना. त्यात बऱ्याच व्यवहारी गोष्टी आहेत. पहिले एक-दोन आठवडे चाचणीचे समजावेत. ठरलेला तास हा त्या माणसाला जणू भाड्यानं दिलेला असतो, तो आला नाही तरी त्या तासाचे पैसे द्यावे लागतील. पैशाबद्दल सुशिक्षित माणसं तितकीच लाजतात जितकी लैंगिक गोष्टींबद्दल, म्हणून उपचार करणाऱ्यानं स्वतःच तो विषय मोकळेपणानं काढावा. माणसाला कोचावर झोपवून आपण त्याच्या मागे का बसतो, याचं एक कारण तर त्यानं अगदी घरगुती दिलं आहे: दिवसाचे आठ तास कुणी आपल्याकडे टक लावून बघणं त्याला सहन होत नसे!

फुकट उपचारांचा अनुभवही त्यानं घेतला होता. सुमारे दहा वर्षं तो रोज एक तास, कधी दोन, विनामूल्य देत असे. फी नसली की काही अडचणी उलट वाढतात, असं त्याचं मत झालं. पण गोष्ट इथं संपत नाही. पहिलं महायुद्ध संपत आलं असताना, सप्टेंबर १९१८ मध्ये, बुडापेस्टच्या अधिवेशनात याच फ्रॉइडनं सांगितलं, की गरिबाला शस्त्रक्रियेवर जितका हक्क आहे, तितकाच मनाच्या उपचारांवरही असला पाहिजे. १९२० साली त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये दवाखाना उघडला. तिथं ज्याला जे परवडेल ते त्यानं द्यावं, नसेल परवडत तर देऊ नये, अशी रीत होती. १९२२ साली व्हिएन्नातही असा दवाखाना निघाला.

म्हणजे खासगी फी आणि परवडण्याचा प्रश्न, हे दोन्ही या व्यवसायाच्या पोटातच आहेत. त्यामुळे फी किती, तास किती मिनिटांचा, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे द्यावे लागतात का, परवडत नसेल तर काही सवलत आहे का, हे पहिल्या फोनवरच विचारा. संकोच करू नका. उधारी साठत गेली की माणूस पैशांच्या लाजेनं जाणं थांबवतो, आणि ज्या दुखण्यासाठी गेला ते तसंच राहतं. खासगी परवडत नसेल तर सरकारी इस्पितळांचे मानसोपचार विभाग आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, विनामूल्य, रात्रंदिवस. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या गुरुवारच्या भेटीची वाट बघत बसायचं नाही. तेव्हा हा क्रमांक फिरवायचा, किंवा जवळचं इस्पितळ गाठायचं.

आपल्याकडे कोण होतं?

हे युरोपात चाललं होतं, तेव्हा आपण काय करत होतो? कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्याच्याशी मतभेद करण्याची त्यांची तयारीही होती. पण मला महाराष्ट्रातला एक माणूस इथं आठवतो, ज्याला कुणी समुपदेशक म्हणत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे.

कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात वाचक प्रश्न पाठवत. घरात, मित्रांत, डॉक्टरपुढेही जे उच्चारता येत नव्हतं, ते. कर्वे त्यांना सरळ, कोरडी, शास्त्राला धरून उत्तरं देत. पापपुण्याचा ताळेबंद मांडत नसत. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले. पण माणसाला लाज न आणता त्याचं ऐकून घेणारं कुणीतरी हवं असतं, आणि ते मराठीत हवं असतं, हे त्या पत्रांनी दाखवून दिलं. समुपदेशनाची निम्मी गरज तिथंच दिसते. कर्व्यांच्या हातात नव्हतं ते एकच: पत्र लिहिणाऱ्याला पुन्हा पुन्हा भेटून त्याचं त्याला उत्तर सापडेपर्यंत सोबत करणं.

'क्लायंट' कुठून आला?

ते काम ज्यानं शास्त्र म्हणून उभं केलं, तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स. त्याच्या आधी अमेरिकेत 'काउन्सेलिंग' हा शब्द रुजला तो नोकरीच्या मार्गदर्शनासाठी. १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र काढलं होतं. तिथं सल्ला देणं स्वाभाविकच होतं. रॉजर्सनं १९४२ साली 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी' हे पुस्तक लिहिलं, आणि त्यात 'पेशंट'ऐवजी 'क्लायंट' हा शब्द ठामपणे वापरला. समोरचा माणूस आजारी आणि अजाण नाही, तो स्वतःच्या जबाबदारीवर मदत घ्यायला आला आहे, हा त्यामागचा विचार.

त्या पुस्तकात आणखी एक नवल होतं. एका माणसाच्या सगळ्या भेटी ध्वनिमुद्रित करून, टोपणनावानं, शब्दन् शब्द छापल्या होत्या. तोवर बंद दाराआड काय होतं, हे फक्त उपचार करणारा सांगे, आणि आपण विश्वास ठेवायचा. आता पहिल्यांदा बाहेरच्यालाही वाचता आलं. सल्लागार कुठं मध्येच बोलतो, कुठं घाई करतो, कुठं आपलंच घोडं पुढे दामटतो, हे कागदावर दिसू लागलं.

पण आपल्या माणसाला हे ऐकून घेणं पुरतं का? इथं एक भारतीय आवाज ऐकायला हवा. मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ साली मांडलं, की भारतीय माणूस उपचार करणाऱ्याकडे बरोबरीच्या नात्यानं येत नाही. त्याच्या मनात गुरू-शिष्याचं नातं असतं, आणि त्या नात्याचा उपयोग उपचारात करून घेता येतो. नेकींच्या म्हणण्यात तथ्य आहे. धोकाही तिथंच आहे. गुरू म्हटलं की प्रश्न विचारणं थांबतं. आपल्या परंपरेत प्रश्न विचारून गुरूला भंडावणारे शिष्यही आहेत. कठोपनिषदातला नचिकेत घ्या, तो तर प्रत्यक्ष यमाला प्रश्न विचारतो. पण तो नमुना आपण सोयीस्करपणे विसरतो. म्हणून विचारा: तुम्ही सल्ला देता का? देणार असाल तर कोणत्या बाबतीत? आणि निर्णय कुणाचा राहणार? लग्न ठेवायचं की मोडायचं, नोकरी सोडायची की नाही, हे तुमच्या वतीनं ठरवून देणाऱ्यापासून जरा जपून.

बोललेलं कुठं जातं?

आता पुन्हा बर्था पापेनहाइमकडे येऊ. 'अॅना ओ.' म्हणजे ती, हे जगाला कळलं १९५३ साली. फ्रॉइडचा चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यानं चरित्राच्या पहिल्या खंडात तिचं खरं नाव छापून टाकलं. ती १९३६ मध्येच वारली होती. परवानगी द्यायला किंवा नाकारायला ती नव्हती. जिनं आयुष्यभर या विषयावर मौन पाळलं, तिचं नाव आज मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मीही आज घेतलंच.

दुसरी घटना उलट बाजूची. १९६९ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या, बंगालमधून गेलेल्या एका विद्यार्थ्यानं मानसशास्त्रज्ञाला सांगितलं, की मी एका मुलीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी चौकशी करून मुलाला सोडून दिलं. मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबरात त्यानं तातियाना तारासॉफ या मुलीचा खून केला. आई-वडील न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये निर्णय दिला, की दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तिथं गुप्ततेची हद्द संपते. जगभरच्या समुपदेशकांच्या संमतिपत्रात आज जो 'अपवाद' असतो, त्याच्यामागे या मुलीचा मृत्यू आहे.

आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २३व्या कलमात गुप्ततेचा हक्क आहे, आणि अपवादही आहेत: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश, असे. शिवाय मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कुणालाही कळली, तरी ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. समुपदेशकही त्यातून सुटत नाही. आणि मघाच्या 'अशिला'ची तुलना इथं तुटते: वकिलाशी झालेल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. घटस्फोटाचं प्रकरण न्यायालयात असणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं.

म्हणून विचारा: तुम्ही टिपणं ठेवता का, कुठं ठेवता, किती वर्षं? ध्वनिमुद्रण करता का? कोणत्या वेळी माझं बोलणं तुम्हाला बाहेर सांगावं लागेल? ऑनलाइन भेटी घेणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. आपल्या दोन खोल्यांच्या घरात पलीकडच्या खोलीत कोण आहे? पुष्कळ लोक गच्चीवर जाऊन, नाहीतर सोसायटीच्या आवारात गाडीत बसून बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भिंतींना कान असतात, हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही.

कोण आहात तुम्ही, आणि कधी थांबायचं?

दोन प्रश्न राहिले. पहिला अवघड वाटतो: तुमचं शिक्षण काय? आपल्याकडे औषध लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तिचा कायदा १९९२ चा आहे. 'समुपदेशक' या पाटीचं मात्र तसं नाही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्यात समुपदेशकांचा समावेश आहे. पण त्याची घडी अजून बसते आहे. एम. ए. झालेला, वर्षानुवर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेला माणूस, आणि दोन शनिवार-रविवारचा वर्ग करून आलेला माणूस, दोघांच्या दारावर आज एकच शब्द दिसू शकतो. तेव्हा कुठं शिकलात, काय शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारावंच.

मर्यादांचाही एक इतिहास आहे. अमेरिकेत १९७५ साली एका स्त्रीनं आपल्या मानसोपचारतज्ज्ञाविरुद्धचा खटला जिंकला. उपचाराच्या नावाखाली त्यानं तिच्याशी शरीरसंबंध ठेवले होते. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या नीतिसंहितेत १९७७ साली असे संबंध अनैतिक असल्याचं स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं. म्हणजे ही साधी गोष्ट लिहायलाही इतका काळ जावा लागला. समुपदेशक तुम्हाला खासगीत बाहेर भेटायला बोलावत असेल, पैसे उसने मागत असेल, स्वतःचं दुःख तुम्हाला ऐकवत असेल, तर उठा आणि बाहेर पडा. कारण देण्याचीही गरज नाही.

शेवटचा प्रश्न परिणामाचा. १९५२ साली हान्स आयसेंक या मानसशास्त्रज्ञानं बॉम्ब टाकला. उपचार न घेणारेही साधारण तितक्याच प्रमाणात बरे होतात, असं त्याचं म्हणणं. मोठा वाद झाला. वादाचा फायदा असा, की मोजमाप सुरू झालं. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं, की उपचार घेतलेला सरासरी माणूस हा न घेतलेल्या ७५ टक्के माणसांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो. उपचारांच्या वेगवेगळ्या पंथांमधला फरक मात्र फारसा निघाला नाही. १९७९ साली एडवर्ड बॉर्डिन यांनी मांडलं, की फरक पडतो तो तीन गोष्टींमुळे: कशासाठी काम करतो आहोत यावर दोघांचं एकमत, कसं करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा धागा.

म्हणजे पंथाचं नाव ऐकून भारावून जाऊ नका. तीन-चार भेटींनंतर विचारा: आपण कशासाठी काम करतो आहोत? काही बदलतं आहे का, ते कशावरून ओळखायचं? आणि थांबायचं कधी? सुरुवातीला थोडं जड वाटणं स्वाभाविक आहे. जुनी अडगळ बाहेर काढताना धूळ उडतेच. पण महिनोन् महिने नुसती धूळच उडत असेल, तर तसं तोंडावर सांगा. एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही, म्हणजे समुपदेशनच आपल्यासाठी नाही, असं समजू नका. डोरा न सांगता गायब झाली नव्हती. समोर बसून सांगून गेली. १८ वर्षांच्या मुलीला, त्या काळात, फ्रॉइडसारख्या माणसापुढे ते जमलं. आपल्याला का जमू नये?

किती दिवस लागतील, हा प्रश्न फ्रॉइडलाही सगळे विचारत. १९१३ च्या त्या निबंधात तो इसापच्या एका गोष्टीचा आधार घेतो. वाटसरू विचारतो, गाव किती लांब आहे? उत्तर मिळतं, चाल. कारण त्याची चाल बघितल्याशिवाय वेळ कसा सांगणार? गंमत म्हणजे हे उत्तर देणारा त्या गोष्टीत तत्त्वज्ञ आहे, म्हणून मला ती विशेष आवडते. पण त्या वाटसरूचीही बाजू घ्यायला हवी. त्यानं विचारलं, हे त्याचं चुकलं नाही. चालायचं त्यालाच होतं. पाय त्याचे दुखणार होते. रस्ता दाखवणाऱ्याला त्यानं विचारायचं नाही, तर कुणी विचारायचं?